माड, जिना आणि स्वयंपाकघरातली विहीर

दोन हजार सालच्या आसपास मी रत्नागिरीत एका आर्किटेक्टकडे ड्राफ्ट्समन होतो. लोक आधी बांधायचे आणि नोटीस आली की नकाशा काढून घ्यायला आमच्याकडे धावायचे! मग किस्से साठणार नाहीत तर काय?

एका रिटायर्ड मास्तरांनी वरचा मजला विनापरवाना चढवलेला. घर विकायला काढलं, तर गिऱ्हाइकाच्या बँकेने नकाशा बघून लोनच नाकारलं. मास्तर तणतणत आमच्याकडे आले.

"बँक म्हणते वरचा मजलाच नाही! मग मी झोपतो कुठे, ढगात?"

सुर्व्यांनी तर माड वाचवायला त्याच्याभोवतीच खोली बांधली. स्लॅबला भोक आणि माड त्यातून आरपार! पावसात पाणी खोडावरून थेट खाटेवर. शेवटी मंजुरीसाठी नकाशा गेला. क्लार्कने विचारलं, "हा पिलर गोल कसा काय?"

आमचे साहेब शांतपणे म्हणाले, "गोल आहे ते सोडा. दरवर्षी उंच होतो!"

लांज्याच्या एका दुकानदाराने जिना शेजाऱ्याच्या जागेत काढला. शेजाऱ्याने कोर्टातून तो पाडून घेतला, तेव्हा नेमक्या सासूबाई वरच्या मजल्यावर! शिडीवरून उतरायला तयार नाहीत. जेवण दोरीला बांधून वर जायला लागलं. जावई घायकुतीला आला. "साहेब, आतून जिना बसवा, आजच्या आज!"

"सासूबाईंची भारीच काळजी हो तुम्हाला!"

"कसली काळजी! गॅलरीत बसून गिऱ्हाइकांना ओरडून सांगतायत, घासाघीस करा, भाव उतरतो म्हणून!"

पण पावसकरांची केस म्हणजे कहर! त्यांची आणि शेजारीच राहणाऱ्या त्यांच्या विधवा वहिनींची विहीर सामायिक. पावसकरांनी स्वयंपाकघर मागे वाढवलं आणि विहीर चक्क घरात घेतली. वहिनींकडे नळ नव्हता. त्या पाण्यावाचून अडल्या आणि त्यांनी तक्रार केली. नोटीस आली: वाढीव बांधकाम पाडा, आणि तोवर वहिनींना पाणी भरू द्या.

दुसऱ्या दिवसापासून वहिनी कळशी घेऊन थेट स्वयंपाकघरात! दोघी जावा कित्येक वर्षं बोलत नव्हत्या. पहिले काही दिवस नुसता रहाटाचा आवाज. मग एकदा वहिनींनी चुलीकडे बघितलं.

"कोकम कमी पडलंय गो."

पावसकरीणबाईंनी आमटी चाखली आणि मुकाट्याने दोन आमसुलं टाकली. दुसऱ्या दिवशी पाण्याआधी चहा झाला. मग कळशी बाजूला राहायला लागली आणि गप्पा दुपारपर्यंत!

पाडायच्या दिवशी मी मार्किंग करायला गेलो. पावसकर घण घेतलेल्या गड्यासकट उभे. दारात दोघी जावा, पदर खोचून.

वहिनींनी मलाच दरडावलं, "पाडायची परवानगी हाय काय?"