डाव्या हाताचा माग

माग धाडकन बंद पडला आणि शेडमधले सगळे माझ्याकडं बघायला लागले. आडवं सूत नेणारा धोटा मध्येच अडकला होता, ताण्याचे उभे धागे तुटले होते. संतोषनं सेटिंग अगदी व्हिडिओत दाखवलं तसंच केलं होतं. आणि व्हिडिओतले हात माझे होते.

इचलकरंजीतल्या या शेडमध्ये मी तीस वर्षं जॉबर होतो. जॉबर म्हणजे यंत्रमागाचा डॉक्टर. नोकरीत असताना मी माग सेट करण्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं आणि कोल्हापुरात शाहूपुरीत छापून घेतलं. रिटायर होताना मालकांच्या मुलीनं, सुप्रियानं, शेडमध्ये मोठा टीव्ही लावला आणि मागापाशी उभं करून माझं शूटिंग केलं. मीही मिशीला पीळ देऊन उभा राहिलो, खोटं कशाला बोलू? पुस्तकाच्या प्रती कपाटात गेल्या तेव्हा मात्र वाईट वाटलं.

त्या दिवशी नवा जॉबर निवडायचा होता. परीक्षक म्हणून मला बोलावलं होतं. मालक अण्णांची अट सोपी होती. बंद माग सेट करायचा, चालला तर नोकरी पक्की. उमेदवार दोन. एक संतोष, दुसरी कांडी खात्यातली लता कांबळे. धोट्यात बसणाऱ्या कांड्यांवर सूत भरायचं तिचं काम. आमच्याकडं बाई कधीच जॉबर झाली नव्हती.

संतोषचं काय चुकलं ते मला सांगता येईना. हातांना माहीत होतं, तोंडाला सापडत नव्हतं.

"मिस्त्री, आता हिच्याकडनं बी अडकला तर मी भायेरनं माणूस आणणार," अण्णा मला म्हणाले. "लता, व्हिडिओ किती येळा बघितलास?"

"एकदा बी न्हाय. कांडी खात्यातनं टीव्ही दिसत न्हाय. काकांचं पुस्तक वाचलं."

"पुस्तक वाचून माग चालतोय व्हय?" संतोष हसला. दोघं-चौघं हसले.

तुटलेले धागे जोडून झाले. लतानं पिशवीतून पुस्तक काढलं. कव्हर गेलेलं, पानांना तेलाचे डाग. तिनं मागाची पुली बघितली, मग समोरच्या मागाची बघितली.

"काका, व्हिडिओ समोरच्या मागावर काढलाय न्हवं?"

"व्हय."

"त्यो उजव्या हाताचा. ह्यो डाव्या हाताचा हाय की!"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. एका माणसाला दोन्ही सांभाळता यावेत म्हणून माग समोरासमोर बसवतात, आणि दोन्ही मागांच्या पुल्या एकाच टोकाला याव्यात म्हणून एक उजव्या हाताचा असतो, एक डाव्या. व्हिडिओत मी ऐटीत सांगितलं होतं, "पुली घड्याळाच्या काट्यासारखी फिरवा." डाव्या मागावर तसं केलं की माग उलटा फिरतो, धोटा फेकायची वेळ चुकते आणि धागे मिटताना तो आतच सापडतो.

लतानं मोठ्यानं वाचलं, "क्रँक वर आला की सूत ठोकणारी फणी कापडापासून लांब जात असली पाहिजे. माग कुठल्याही हाताचा असो."

हे वाक्य माझंच होतं. मीच विसरलो होतो.

तिनं पुली उलट्या बाजूनं फिरवली, फणीवर नजर ठेवली, बोल्ट आवळले, परत तपासले. मग हँडल ओढलं. खटाखट, खटाखट! धोटा सुसाट. पाच मिनिटं, दहा मिनिटं. अण्णांनी कापडावरून हात फिरवला, एकही धागा तुटला नव्हता.

"उद्यापासनं तुझं कांडी खातं बंद," अण्णा ओरडले. "लता, तू जॉबर!"

सगळ्यात आधी टाळी संतोषनं वाजवली, हे त्याचं मोठेपण.

सुप्रियानं नंतर डाव्या मागाचाही व्हिडिओ काढला. त्यात हात लताचे आहेत. पुस्तकं कपाटातून बाहेर आली, त्यातली एक प्रत मी घरी नेली. माणसानं पुस्तक लिहावं, पण अधूनमधून ते वाचावंही.