रडवा दो

माझा धाकटा भाऊ गुजराती मुलखात, लिंबायतच्या कापडाच्या लूमवर कामाला आहे. त्याला मुलगा झाला तो तिथल्याच कतारगामच्या एका छोट्या प्रसूतिगृहात. सुनेच्या बाळंतपणासाठी माझी आई शिरपूरकडून आलेली. मी बाळाची आत्या, त्यात शाळामास्तरीण, म्हणजे हुकूम सोडायला सगळ्यांच्या पुढे.

बाळ रडायचं तेव्हा छान गुलाबी दिसायचं. आई थोपटायची, “उगा ऱ्हाय रे मन्हा राजा,” की ते तोंड मिटायचं, छाती आत ओढली जायची आणि ओठ निळे पडायचे. अंगावर पाजायला घेतलं तर आणखीच वाईट. आमची पाचावर धारण बसली. मी डॉक्टरांच्या नावाने ओरडत सुटले.

धावत आलेल्या डॉक्टर कोवळ्या वयाच्या होत्या, गुजराती. त्यांनी बाळाला घेतलं आणि जरा वेळ नुसतं पाहिलं. आई पुन्हा थोपटायला गेली, तशा म्हणाल्या, “ना बा, एने रडवा दो!”

त्याला रडू द्या, एवढाच अर्थ. पण आईने ऐकलं ते ‘रडवा’. ती कडाडली, “कसी बाई से ही! एवढुसा पोऱ्याले रडवा म्हनस!” मी समजावेपर्यंत डॉक्टरांनी खरंच बाळाच्या तळपायाला टिचकी मारली. त्याने भोकाड पसरलं आणि आमच्या डोळ्यांदेखत ओठांवरचा निळा रंग उतरला. म्हणजे आईचा चुकीचा अर्थच बरोबर निघाला!

मग त्यांनी नाकपुडीपाशी कापसाचा धागा धरला. तो हलला नाही. मऊ नळी एका नाकपुडीत घातली, मग दुसरीत. दोन्हीकडे ती मागे अडली. त्या म्हणाल्या, नवं बाळ नाकानेच श्वास घेतं, तोंडाने घ्यायचं त्याला सुचत नाही. याची नाकामागची वाट जन्मतःच हाडाने बंद आहे. रडताना तोंड उघडतं तेवढाच वारा आत जातो. असं बाळ त्याही पहिल्यांदाच बघत होत्या. तरी लगेच त्यांनी तोंडात छोटी नळी बसवली, पट्टीने चिकटवली आणि बाळ शांतपणे श्वास घेऊ लागलं. मी त्या पोरीच्या प्रेमातच पडले.

पुढे मोठ्या हॉस्पिटलात दुर्बिणीतून ऑपरेशन करून वाट मोकळी केली आणि ती पुन्हा बुजू नये म्हणून नाकात नळ्या ठेवल्या. भावजय बाळाच्या खोलीच्या काचेबाहेर बसून दूध काढून द्यायची, ते नळीने बाळाच्या पोटात जायचं. नाकातल्या त्या नळ्या साफ करायला ती नर्सकडून शिकली, तेही न रडता, न कुरकुरता. तिच्यापुढे माझे हुकूम आपोआप बंद पडले. एवढं धैर्य माझ्यात नाही, हे मी तिला सांगितलंसुद्धा.

नळ्या काढल्यावर नर्सने तिला सांगितलं, आता अंगावर पाजून बघा. तिने बाळाला छातीशी घेतलं. बाळ लागलं. एक घोट, दुसरा. आम्ही श्वास रोखून त्याच्या ओठांकडे बघत होतो. त्याचा मात्र नाकाने मजेत चालला होता.

“ताई,” बाळाकडे बघत ती हळूच म्हणाली, “हाऊ ते सोडसच नही.”