सुटलेल्या बायकांची यादी

हसायचं असेल तर खुशाल हसा, फक्त चहा सांभाळा. गाढवपणा माझ्या हातून आजवर कमी झालेला नाही. पण सरकारी टपालानं, रजिस्टर करून, दीडेक डझन घरी पोचता झालेला गाढवपणा हा एकच!

मंगळवार होता. मी कुकरची रिंग शोधत होतो. सुनंदाला जाऊन सोळा महिने झाले. रिंग मीच धुतो, मीच कुठंतरी ठेवतो, आणि दरवेळी ती कुठंय हे तिलाच विचारायला तोंड उघडतो. तेवढ्यात पोस्टमननं हाक मारली.

पोस्टकार्ड होतं. हल्ली कोण पाठवतं? तेही सुनंदाच्या नावानं. अक्षर गिरवल्यासारखं, एकेक सुटं.

‘बाई, मी सुटले. आता भावाच्या घरी हाय. तुमी मनल्या सुटलीस की कळव, मी येते. मनून कळवलं. वाट बगते. कौसा.’

सुनंदा झेडपीच्या शाळेत शिक्षिका होती. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर दर गुरुवारी ती जेलमध्ये, बायकांच्या विभागात, अक्षरं शिकवायला जायची. घरी येऊन मला त्यांच्या गोष्टी सांगायची. नुसती नावं सांगायची, आडनावं कधीच नाही. त्यातली ही कौसा. पत्र लिहायचा सराव म्हणून सुनंदा सगळ्यांना आमचाच पत्ता गिरवायला द्यायची. त्यामुळं कार्डावर आमचा पत्ता अगदी पाण्याच्या टाकीसकट बिनचूक होता. कौसाचा स्वतःचा पत्ता? तो कुठंच नव्हता. तो धडा बहुतेक पुढच्या गुरुवारी होता.

पोस्टाचा शिक्का म्हणजे नुसता काळा डाग. चष्मा लावून पाहिला, भिंग लावून पाहिला, उन्हात धरून पाहिला. गाव काही उमटेना.

म्हणजे कुठल्यातरी गावात एक बाई ‘बाई येणार’ म्हणून वाट बघत बसली होती, आणि बाई नाहीत हे तिला सांगणारा जगात मी एकटा होतो; जेलमध्येसुद्धा मी ते कधी कळवलं नव्हतं. सांगायला तर हवं. पण कुठं जाऊन सांगू?

दुसऱ्या दिवशी जेलच्या फाटकापर्यंत गेलो. पहाऱ्यावरच्या शिपायानं विचारलं, “काय काम?”

“एक बाई सुटल्यात. कौसा नावाच्या. पत्ता हवा होता.”

“तुम्ही कोण त्यांचे?”

आता काय सांगणार? कोणी नाही. “कोणी नाही,” म्हणालो. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की मी नमस्कार करून सरळ रिक्षात बसलो.

आता एखादा शहाणा माणूस काय करील? दुसऱ्या दिवशी आत जाईल, अधिकाऱ्याला भेटेल, पोस्टकार्ड दाखवील. पण मी सरकारी खात्यात अठ्ठावीस वर्षं काढलेली! विषय आणि संदर्भ लिहिल्याशिवाय मला घसा खाकरतासुद्धा येत नाही. मी ठरवलं, माहितीच्या अधिकारात अर्ज करायचा.

शहागंजात निसारभाईंचं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. अर्धं शहर त्यांच्याकडून अर्ज लिहून नेतं. मी तीन पानं घेऊन गेलो. पहिल्या दोन पानांत सुनंदाच होती.

निसारभाईंनी चष्मा कपाळावर चढवला. “साब, हे अर्ज आहे की कादंबरी? दीडशे शब्दांत बसवायला लागतं. आणि हे बाईंचं सगळं कशाला?”

“कारण द्यायला नको?”

“नक्को! कायद्यात साफ लिहिलंय. माहिती कायकू होना, हे सांगायचीच गरज नाही.”

हे मला फार आवडलं. अठ्ठावीस वर्षं मी लोकांना कारणं विचारली. आता मला कोणी विचारायचं नाही! दोन्ही पानं घडी करून खिशात ठेवली.

“आता लिहा,” निसारभाई म्हणाले, “कौसा नावाची बाई, अमुक महिन्यात सुटली, तिचा पत्ता. बस्स.”

आणि इथं, मंडळी, माझी अक्कल जागी झाली.

“छे छे! नाव नको. बाईमाणसाचं नाव घालून अर्ज केला, की चार टेबलांवर फिरणार, चार लोक चर्चा करणार. उगाच तिची बदनामी. आपण असं लिहू: गेल्या वर्षभरात सुटलेल्या सर्व महिला बंद्यांची नावे व पत्ते. त्यातून कौसा मी हुडकतो.”

निसारभाईंनी टायपिंग थांबवलं. “अरे साब, एक की इज्जत बचाने कू तुम सबकी लिस्ट मंगारे?”

“तुम्हाला नाही कळायचं निसारभाई. याला संवेदनशीलता म्हणतात.”

“बराबर,” ते म्हणाले आणि पुढं टाइप करू लागले. खाली माझं नाव, पत्ता, मोबाईल नंबर. कोर्ट फीचा स्टॅम्प लावला. पोच घेऊन घरी आलो. त्या दिवशी कुकरची रिंगही सापडली. मला वाटलं, दिवस बरा दिसतोय.

दोन आठवड्यांनी फोन आला. पुरुषाचा आवाज, चढा.

“तुम्हीच का ते माहिती मागणारे?”

“हो, मीच.”

“कशाला पायजे तुम्हाला आमच्या बहिणीची माहिती?”

आणि मी, आवाजात शक्य तेवढं भारदस्तपण आणून, काय म्हणालो असेन? “कारण सांगायला मी कायद्यानं बांधील नाही.”

पलीकडून एकदम मऊ आवाज, “साहेब, तुम्ही दिल्लीचे का?”

हळूहळू उलगडा झाला. तुमची माहिती कोणी मागितली, तर ती देण्याआधी तुम्हालाच विचारायचं, असाही एक नियम त्याच कायद्यात आहे. मी अर्ज केला त्या कार्यालयानं तो इमानेइतबारे पाळला होता. सुटलेल्या प्रत्येक बाईच्या घरी रजिस्टर नोटीस गेली होती: अमुक गृहस्थांनी आपली माहिती मागितली आहे, आपली हरकत असल्यास दहा दिवसांत कळवावे. सोबत माझ्या अर्जाची प्रत. त्यावर माझं नाव, पत्ता, मोबाईल. सगळं होतं. नव्हतं फक्त कारण!

मग फोन थांबेनात. सिल्लोडकडून एक बाई बोलली. “साहेब, सुटलेल्या बायांसाठी स्कीम निघाली म्हणं. फारम कुठं भरायचा?” मी म्हटलं, स्कीम नाही. ती म्हणाली, “तुमी असंच म्हनता आन् मंग वळखीच्यांनाच देता.” तासाभरात तिचं आधार कार्ड, रेशन कार्ड आणि बँकेचं पासबुक माझ्या मोबाईलवर आलं. वर एक हार घातलेला गणपती.

एका गृहस्थानं माझं वय विचारलं. मी सांगितलं. घरी कोण कोण असतं? म्हटलं, एकटाच. तो म्हणाला, “तसं असंल तर रीतसर बघायलाच या की. नोटिसा कशाला धाडता? बहीण माझी चांगली हाय. कोर्टानंच सोडलीया, सैपाकबी झकास करती.”

फोन मी गॅलरीत उभं राहून घ्यायचो, कारण घरात रेंज नाही. त्यामुळं रेंज सगळ्या बिल्डिंगला मिळाली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या मंदावहिनी वाटीभर आमटी घेऊन आल्या. वाटी टेबलावर ठेवली, पदर सारखा केला.

“भाऊजी, राग मानू नका. एकटेपणा किती वाईट, ते आम्हाला समजत नाही का? पण त्यासाठी वधूवर मंडळं आहेत की! अहो, ज्येष्ठांचीसुद्धा वेगळी असतात. थेट जेलमधून यादी कशाला मागवता?”

मी तोंड उघडलं. तेवढ्यात गॅलरीत ठेवलेला फोन वाजला. एक बाई म्हणत होती, “फोटो पाठवू का साहेब?” फोन स्पीकरवर होता. मंदावहिनींनी मान हलवली आणि निघाल्या. आमटीची वाटी मात्र ठेवून गेल्या, एवढा त्यांचा मोठेपणा.

इथवर मलाही हसू येत होतं. पण त्या संध्याकाळी एक फोन आला, अगदी दबक्या आवाजातला. “दादा, सासरी कुणाला ठाऊक नाय. मी इतके दिवस माहेरी आजारी होते, असं सांगितलंय. कागद माझ्याच हाती पडला म्हणून वाचले. आजून येनार हाय का?”

मी म्हटलं, “नाही ताई. येणार नाही.”

पण येणार नाही हे मी कशावरून सांगितलं होतं? दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडायच्या आत मी दारात. टेबलामागं तरुण लिपिक होते, बोलायला अतिशय सभ्य. मी अर्ज मागं घ्यायचा अर्ज दिला. विषय, संदर्भ, सगळं व्यवस्थित.

“अर्ज मागे घेता येईल, सर. निघालेल्या नोटिसा नाही घेता येत. नवीन जाणार नाहीत, एवढं बघतो.” मग जरा पुढं वाकून त्यांनी विचारलं, “खरं तर तुम्हाला हवं काय होतं?”

मी पहिल्यांदाच कारण सांगितलं. पोस्टकार्ड दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं.

“सर, मग एकीचंच नाव टाकायचं. आम्ही एकीलाच विचारलं असतं. चालतंय म्हणाली असती तर पत्ता तुमच्या हातात आला असता.”

“तिची बदनामी होईल असं वाटलं.”

त्यांनी पोस्टकार्ड दोन्ही हातांनी मला परत दिलं. फार सभ्य माणूस.

रविवारी सकाळी खाली जीप थांबली. सात-आठ माणसं उतरली. पुढं पागोटं बांधलेला, खांद्यावर घोंगडं, हातात काठी असा एक दांडगा माणूस. दौलताबादच्या पलीकडून आलो म्हणाला. माझ्या दारात काठी टेकवून त्यानं विचारलं, “नोटीस तुम्हीच धाडली व्हय?”

“हो. म्हणजे चूक झाली. बसा ना.”

“बसायला नाय आलो. चार वरसं कच्च्या कैदेत काढली हिनं. कोर्टानं निर्दोष सोडली. मेंढरं इकून वकील केला. आन् आता तुम्हाला कोनती माहिती पायजे? केस उघडता का पुन्यांदा?”

“नाही हो, तसं काही...”

“गप रं दादा!” मागून एक ठेंगणी बाई त्याला कोपरानं बाजूला सारत पुढं आली. पन्नाशीच्या आतबाहेरची, डोक्यावरून पदर, हातात ती नोटीस. चेहऱ्यावर राग नाही, भीती नाही. हसत होती! “समदे घाबरले, मी नाय घाबरले. समद्या गावाम्होरं मीच वाचला कागद, मोठ्यानं. खाली पत्ता बघितला आन् म्हनलं, आगं बया, ह्यो तर बाईंचा पत्ता! पन्नास डाव गिरवलाय मी.” मग माझ्याकडं वळून, “तुमी बाईंचे मालक ना?”

“हो.”

“मी कौसा. कारटावर माझा पत्ता लिवायचाच इसरले बगा. लई वाईट वाटलं. पन बाईंनी सरकारला इचारून मला हुडकून काढलं! ह्यो म्हनत हुता, सुटलेल्या बाईला कोन इचारतंय. आता दावलं त्याला.”

दांडगा दादा खाली बघायला लागला. बाकीची माणसं माझ्याकडं, जरा आदरानं.

सुनंदाचा फोटो हॉलमध्ये आहे, दारासमोरच. मी दारात असा उभा होतो की आतलं काही दिसू नये. पाहुण्यांना पाण्याशिवाय उभं ठेवायची माझ्या घरातली ती पहिलीच वेळ.

“बाई कुठं हायत?” कौसानं माझ्या खांद्यावरून आत डोकावत विचारलं.

सांगायचं वाक्य तयार होतं. महिनाभर मी ते घोळवत होतो. त्यासाठीच तर अर्ज, स्टॅम्प, नोटिसा, एवढ्या बायकांचा जीव टांगणीला. आणि ते वाक्य ऐकायला कौसा स्वतः चालत माझ्या दारात आली होती.

“पुण्याला गेल्यात,” मी म्हणालो. “मुलीकडं.”

“कवा येनार?”

“नक्की नाही सांगता येत.”

“मंग आल्या की पाठवा. ज्वारी काढायच्या आदी या म्हनावं, तवा हुरडा असतो.” तिनं माझ्याकडून पेन मागून घेतलं, नोटीस भिंतीला टेकवली आणि कागदाच्या मागच्या बाजूला आपला पत्ता लिहिला. नाव, गाव, पोस्ट, तालुका. दादा तिच्याकडं बघत उभा होता. लिहून झाल्यावर तिनं एकदा वाचून खात्री केली आणि कागद माझ्या हातात दिला.

जीप गेली. मंदावहिनी त्यांच्या दारात उभ्या होत्या. “ठरलं का भाऊजी?” म्हणाल्या.

निसारभाईंना हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. “साब, सरकार से सच्ची मालूमात मंगाए तुम, और दरवाजे पर आई बाई कू झूठी दिए! अपील में जाएंगी वो.”

जाईल. जायलाच हवं. तिचा पूर्ण पत्ता आता माझ्याकडं आहे, आणि मला तिथं जायला तासभरसुद्धा लागत नाही. सुनंदा गेल्याचं मी कौसाला अजून सांगितलेलं नाही.