बोंब वर पोचेपर्यंत

“साहेबांना सांग, किंचित नाराजी आहे,” हेडकारकून तात्यासाहेब मला बजावत होते. समोर मिठागराच्या बांधावर मजुरांतली आंबीबाई उभी होती. तोंडावर उलटा हात मारून ती बोंब ठोकत होती, आणि हे म्हणे किंचित!

मिठागरात विहीर खणली तरी पाणी खारंच लागतं. म्हणून ठाण्याहून मचव्यानं पिंपांतून गोडं पाणी यायचं. त्या वर्षी पिंपं गळकी. मचव्याच्या तळाशी साचलेलं खाडीचं पाणी त्यांत शिरायचं. मचव्याचा ठेका तात्यांच्या मेहुण्याकडे.

आमच्या ऑफिसात शब्दांची उतरंड होती. मजुरांची बोंब त्यांच्यावरचा नाईक ‘तक्रार’ म्हणून आणी. तात्यांच्या तोंडी तिची ‘कुरकुर’ होई. साहेबांच्या कानी जाईतो उरे किंचित नाराजी. तेवढ्यापायी पिंपं कोण बदलतो?

मी राजापूरकडचा, मराठी चौथीत शाळा सुटलेला. तात्यांनी नोकरी दिली, आपल्या पंगतीला जेवू घातलं. त्या अन्नाची जाण मला आजही आहे. नोकरी गेली तर गावी तोंड काय दाखवायचं, ही धास्ती वेगळीच. पण आंबीबाईची नात जुलाबानं अंथरुणाला खिळली होती.

“कारकुना, तुजा तांब्या घरशी येतो ना?” आंबीबाई म्हणाली. “आज आमचा पानी पी.”

प्यायलो. घोट घशाखाली उतरेना.

तेवढ्यात गोरे साहेब घोड्यावरून आले. परीक्षेपुरतं मराठी त्यांना येई. “लोक खूश?”

मागे तात्या खाकरले. तरी मी म्हणालो, “नाही साहेब. लोक बोंब मारतात.”

“बोंब म्हणजे?”

“शिमग्याचा रिवाज, साहेब,” तात्या घाईनं म्हणाले. “सणाची मौज.”

आजारी नातीच्या आजीची मौज! माझं डोकंच फिरलं. “शिमगा कधीच झाला, साहेब. हे पाणी पिऊन बघा.”

साहेब प्यायले नाहीत. त्यांनी त्या पाण्याची बादली घोड्यापुढे ठेवायला लावली. घोड्यानं नाक लावलं आणि मान फिरवली. साहेबांचा चेहरा उतरला. त्याच आठवड्यात नवी पिंपं आली. पोर उठली. ठेका मात्र मेहुण्याकडेच राहिला, आणि तात्यांच्या पंगतीतलं माझं पान उठलं.

नोकरी टिकली. पुढे अनेक ऑफिसांत तक्रारी वर पोचवल्या. शब्द नेमका वापरावा, हे खरंच. पण जवळपास एखादा घोडा असलेला बरा.