फुकटाची सवय

ज्ञान दिल्याने वाढतं. हे वाक्य आमच्या एचआर साहेबांच्या खुर्चीमागे काचेच्या चौकटीत सोनेरी अक्षरांत लावलेलं आहे. त्या चौकटीसमोर मी उभी होते आणि साहेब विचारत होते, "हे तुला कुणी शिकवलं? नाव सांग त्याचं."

टेबलावर एक पुठ्ठा पडला होता. धाग्याचे कोन, म्हणजे मोठी रिळं, खोक्यात भरताना दोन थरांच्या मध्ये घालतात तसला. त्यावर माझ्या अक्षरात, कंपनीच्याच मार्करने, वेबसाइटचं एक पान लिहिलेलं होतं. म्हणजे कोडिंग. टोकदार कंस, त्यांच्यात इंग्रजी अक्षरं, मध्ये माझी दोन मराठी वाक्यं.

माझ्या मागे पॅकिंगच्या सगळ्या बायका उभ्या होत्या. त्यांना काम थांबवून मुद्दाम वर बोलावलं होतं. साहेब मुंबईहून आलेले. त्यांना प्रेक्षक लागतात.

"वाच," साहेब म्हणाले. "मोठ्याने वाच. सगळ्यांना कळू दे काय लिहिलंय."

मी वाचलं. "एच वन सुरू. माझं गाव. एच वन बंद. पी सुरू. आमच्या गावात अजून बस येत नाही. पी बंद."

मागून हसण्याचा आवाज आला. मलाही हसू आलं असतं, जागा दुसरी असती तर.

मी धडगावकडची. नंदुरबार जिल्हा, डोंगरातलं गाव. आश्रमशाळेत शिकले, तिथल्या कपाटातली पुस्तकं संपवली, बारावी झाले. पुढचं राहिलं. सिल्वासात आले, कॉन्ट्रॅक्टरकडून या धाग्याच्या कंपनीत लागले, नरोलीत खोली घेतली. खोलीत माझ्याबरोबर लताताई. साक्रीची, अहिराणी बोलणारी, माझ्यापेक्षा मोठी, माझ्याच खात्यात.

शेजारच्या खोलीत काही दिवस एक मुलगी राहून गेली. ती घरी बसून वेबसाइट बनवायची. बसून. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या माणसाला हा शब्द फार मोठा वाटतो. मी तिला विचारलं, हे कुठे शिकायचं? ती म्हणाली, "अगं, सगळं फुकट आहे नेटवर." आणि पुण्याला निघून गेली.

सगळं फुकट आहे. मी शोधायला लागले.

आधी किलवणी नाक्यावरच्या क्लासला गेले. बोर्डावर 'फ्री' हा शब्द क्लासच्या नावापेक्षा मोठा होता. आत कळलं, फ्री म्हणजे पहिला दिवस. दुसऱ्या दिवसापासून फी, आणि लॅपटॉप आपला. काउंटरवरच्या मुलीने माझ्या कंपनीच्या ड्रेसकडे पाहिलं आणि हिंदीत म्हणाली, "दीदी, टैली कर लो. या सिलाई."

मग मोबाईल. हिंदी व्हिडिओ पुष्कळ. पहिला भाग छान. दुसरा भाग छान. तिसऱ्या भागात शिकवणारा भाऊ आपल्या नव्या गाडीत बसून मेहनतीविषयी बोलतो. चौथ्या भागापासून पैसे. एक कोर्स पूर्ण फुकट निघाला, फक्त तो केल्याच्या सर्टिफिकेटला पैसे. मराठीतही एक मालिका सापडली. शिकवणारा चांगला होता, हळू बोलायचा. ती मध्येच बंद पडली. त्याला नोकरी लागली असावी. आनंद आहे.

शेवटी एक परदेशी साइट मिळाली. खरोखर फुकट. नाव विचारत नाही, गाव विचारत नाही, खालून हळूच पैसे मागत नाही. पहिल्या धड्यापासून शेवटपर्यंत सगळं उघडं. फक्त इंग्रजीत. मी मोबाईलला सांगितलं, मराठी करून दे. त्याने आज्ञाधारकपणे सगळं मराठी केलं. धड्याबरोबर कोडही. हेडच्या जागी डोकं, बॉडीच्या जागी शरीर. मी तेच टाइप करत राहिले. डोकं उघडलं, डोकं बंद केलं, शरीर उघडलं. पडद्यावर काही येईना. कितीतरी दिवस मला वाटत होतं की दोष माझ्या डोक्याचा आहे. कुणाला विचारणार? आमच्या चाळीत कुणाला विचारावं असं कुणी नव्हतं. एकदा भाषांतर चुकून बंद झालं तेव्हा कळलं.

तेव्हापासून इंग्रजीच. एकेक शब्द शोधत. बैल चढणीला लागल्यासारखी.

आमच्याकडे मोबाईल गेटवर जमा करावा लागतो. घरी गेल्यावर पाणी भरणं, स्वयंपाक, झोप. मग शिकायचं कधी? मला एकच पद्धत माहीत होती, कंपनीची. कंपनीत मशीन कुणी शिकवत नाही. ऑपरेटरच्या बाजूला उभं राहायचं, त्याचे हात बघायचे, तो गेला की तसंच करून बघायचं. मीही तसंच केलं. कामावर येताना शेअरच्या इको गाडीत, दोन माणसांच्या मध्ये दाबून बसलेली, एक धडा बघायचा. तोंडपाठ करायचा. जेवणाच्या सुट्टीत फाटका पुठ्ठा घ्यायचा आणि त्यावर लिहायचा. फाटके पुठ्ठे कोपऱ्यात पडतात, भंगारात जातात. कुणाचं काही जात नव्हतं.

लताताई डबा खाता खाता बघायची. "काय लिखी राहिनी वं? मंतर?"

"वेबसाइट."

"पुठ्ठावर?"

"पुठ्ठ्यावर."

"बरं," म्हणायची आणि लोणचं पुढे करायची.

मग एकदा नवे पुठ्ठे आलेच नाहीत आणि ट्रक भरायचा होता. सुपरवायझर जयेशभाई ओरडले, "कोपऱ्यातले घ्या, चालेल, चालेल." घेतले. माझं गाव खोक्यात बंद होऊन सुरतला गेलं.

तिकडे पार्टीने, म्हणजे माल घेणाऱ्या व्यापाऱ्याने, खोकं उघडलं. या धंद्यात सगळ्यात मोठं पाप म्हणजे लॉट मिक्स. दोन लॉटचा धागा एका कापडात गेला की रंगात पट्टे उठतात. पुठ्ठ्यावरच्या खुणा पार्टीच्या माणसांना वाचता येईनात. त्यांना वाटलं, मिक्स मालावर कंपनीने आपल्यापुरती खूण केली आहे. त्यांनी अख्खा ट्रक थांबवला आणि पुठ्ठ्याचा फोटो पाठवला, मागोमाग पुठ्ठाही.

जयेशभाई तो फोटो घेऊन धावत आले. "बेन, आ शुं लख्युं छे? साहेबने मी काय सांगू?"

"माझं गाव," मी म्हटलं.

ते डोक्याला हात लावून खोक्यावर बसले. ते वाईट माणूस नाहीत. पण वर ऑफिसात, साहेबांच्या टेबलाशेजारी उभे असताना, 'कोपऱ्यातले घ्या' हे आपण म्हटल्याचं त्यांना आठवलं नाही.

तर मी वाचून संपवलं आणि म्हटलं, कुणी शिकवलं नाही, मोबाईलवर फुकट मिळतं. साहेबांनी पुठ्ठा उलटा करून पाहिला, मागेही काही आहे का म्हणून.

"मोबाईलवर शिकलीस? फुकट?"

"हो."

"आडनाव काय तुझं?"

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. हवं ते उत्तर मिळाल्यावर माणूस हलवतो तशी.

"माझा मुलगा पुण्यात हेच शिकतोय. इंजिनिअरिंगला. फी ऐकलीस तर चक्कर येईल. मेहनतीचे पैसे आहेत." मग ते बायकांकडे वळून म्हणाले, "हिला काय, ह्या लोकांना फुकटाचीच सवय. शाळा फुकट, जेवण फुकट, आता हे पण फुकट पाहिजे."

फुकट. आश्रमशाळेत तांदूळ फुकट होता, खरं आहे. खडेही वेगळे मागावे लागत नव्हते. साहेबांच्या मुलाला काय फुकट मिळालं हे मोजायला मला तेव्हा सुचलं नाही. घरात टेबल. टेबलापाशी खुर्ची. अडलं तर विचारायला बाप. चुकलं तर कुणी आडनाव न विचारणं. हे सगळं नंतर सुचलं, खराब धाग्याच्या खात्यात, हातात गुंता घेऊन. त्या क्षणी फक्त कान गरम झाले.

"माफी माग," साहेब म्हणाले.

"चुकलं साहेब. पुठ्ठा खोक्यात जायला नको होता."

"तसं नाही. ह्यांच्यासमोर म्हण. माझं काम पॅकिंग. मला ह्याची गरज नाही. म्हण, आणि जा खाली कामाला. विषय संपला."

सोपं होतं. दोन लहान वाक्यं. पहिलं तर खरंच होतं. लताताई माझ्या मागेच होती. पुटपुटली, "बोली टाक ना वं. शब्दच सेतस, काय जास तुनं?"

पहिलं वाक्य मी म्हटलं. "माझं काम पॅकिंग."

"पुढे?"

पुढचं तोंडापर्यंत आलं होतं. आणि मला दिसलं की साहेबांना पुठ्ठ्याचं काही पडलेलं नाही. पार्टीने थांबवलेला ट्रक तर सकाळीच सोडला होता. त्यांना हे दुसरं वाक्य हवं होतं, माझ्या तोंडून, या सगळ्या बायकांच्या कानांसाठी.

"पुठ्ठ्याची माफी मागितली," मी म्हटलं. "शिकण्याची मागणार नाही. मला त्याची गरज आहे."

आवाज फाटका आला. एखाद्या भाषणात शोभला नसता. कुणी टाळी वाजवली नाही. लताताईने माझ्या ड्रेसचा कोपरा सोडला. तो तिने धरला होता हे मला तेव्हा कळलं.

साहेबांनी जयेशभाईंकडे बघून नुसती बोटं हलवली.

दुसऱ्या दिवसापासून मी वेस्ट खात्यात. तुटलेला, गुंतलेला, डाग पडलेला धागा वेगळा करायचा. तंतू नाकात जातात. पुठ्ठे तिथे येत नाहीत. गेटवर आता मोबाईलबरोबर पेन, मार्करही काढून घेतात, सगळ्यांचे. त्यामुळे काही बायका माझ्याशी बोलत नाहीत. लताताई खोलीत बोलते, कंपनीत नाही. तिचा मुलगा साक्रीला शिकतो. तिला दोष देता येत नाही. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, पुढच्या वेळी कामाचं कार्ड नव्याने बनेल की नाही सांगता येत नाही. तक्रार कुणाकडे करायची, हे विचारायलाही साहेबांच्याच ऑफिसात जावं लागतं.

माझ्या हातात काही नाही. खरोखर नाही, ना मार्कर, ना पुठ्ठा. पण ते दुसरं वाक्य मी म्हटलेलं नाही आणि म्हणणार नाही. कार्ड गेलं तरी नाही. आता मी चोरून शिकत नाही. इको गाडीत मोबाईल सरळ समोर धरते, शेजारच्याने बघितलं तर बघू दे. कुणी विचारलं तर साइटचं नाव सांगते. अजून कुणी विचारलेलं नाही. मी हे पूर्ण शिकणार आहे, फुकट शिकणार आहे, आणि त्याबद्दल कुणापुढे मान खाली घालणार नाही.

सध्या बटणाच्या धड्यावर आहे. बटण छान दिसतं, निळं, गोल कोपऱ्यांचं. दाबलं की अजून काही होत नाही.