पालेगावातली 'एक्स्ट्रा-पॅरोकियल' कबर

शेजारच्या मार्थामावशींनी बायबलातून एक पिवळा पडलेला कागद काढला आणि म्हणाल्या, "टीचर, वडिलांची कबर बघायचीय. सत्तरी आली, आता नाही तर कधी?" त्या दोन वर्षांच्या असताना त्यांचे वडील अंबरनाथला तापाने गेले. आई लेकीला घेऊन नाशिकला आली आणि परत तिकडे फिरकलीच नाही. कागद म्हणजे दफन करणाऱ्या पाळकांचं इंग्रजी पत्र होतं.

मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलंय. पत्रावर नजर फिरवली आणि एका शब्दावर लट्टू झाले: 'एक्स्ट्रा-पॅरोकियल'. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या देखरेखीखालचा इलाखा, आणि कुठल्याच पॅरिशमध्ये न मोडणारी जमीन ती एक्स्ट्रा-पॅरोकियल. जुन्या इंग्लंडात काही जंगलं, काही किल्ले असे असायचे. तिथे चर्च हक्क सांगत नसे आणि काळजीही घेत नसे. आता हा शब्द जुन्या दप्तरांतच भेटतो. चहा गार होईपर्यंत मी हे ऐकवलं.

"पण कबर कुठाय?" मावशी म्हणाल्या.

"शोधू की! तिथल्या चर्चांत नोंद असणारच."

झालं. सकाळी सहाला गाडी काढली, पडघ्याहून कल्याणकडे वळलो आणि शहाडच्या पुलावर पाऊण तास अडकलो. तुम्ही जाणार असाल तर पहाटेच निघा. उल्हासनगरात दाल-पकवान मात्र झकास मिळालं, दोघींचं मिळून सव्वाशे रुपयांत. तेवढंच काय ते सुख! वाटेतलंच म्हणून आधी तिथल्या चर्चमध्ये शिरलो. ऑफिसातल्या बाईंनी कागद उलटासुलटा केला. "मॅडम, ये अपने में नहीं आता. अंबरनाथ जाओ."

अंबरनाथच्या क्लार्कने मोबाइलवर तो शब्द शोधला आणि मलाच वाचून दाखवला. वर म्हणतो, "मॅडम, पॅरिशच्या बाहेरचं आहे ना, मग इथे कसं असेल? बदलापूरला ट्राय करा." अरे बाबा, मी काय लग्नाचा हॉल शोधतेय? शिवमंदिराच्या वळणावर दहा रुपयांचा चहा घेतला, तोही पांचट. रस्ता खणलेला, ऊन डोक्यावर, आणि शेजारी मावशी तो कागद मांडीवर सारखा करत बसलेल्या. ते बघून मला जास्तच राग आला, स्वतःचाच.

बदलापूरचे पाळक तरुण होते. त्यांनी आम्हाला पंख्याखाली बसवलं आणि पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "टीचर, खाली जागा लिहिलीय की. पुरामुळे प्रेत कल्याणच्या दफनभूमीत नेता आलं नाही, म्हणून पालेगावात दामा पाटलांच्या शेतात, त्यांच्या परवानगीने पुरलं."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तीस वर्षं पोरांना ओरडत होते, आधी उतारा पूर्ण वाचा म्हणून! त्या एका शब्दापायी खालच्या चार सोप्या ओळी मी वाचल्याच नव्हत्या. मावशी एवढंच म्हणाल्या, "चला."

आल्या वाटेने परत अंबरनाथ; पालेगाव तिथलंच. पालेगावात जिथे तिथे टॉवर उभे राहतायत. दामा पाटलांचं घर मात्र पहिल्याच माणसाने दाखवलं. त्यांची म्हातारी सून ओटीवर बसली होती. मावशींनी वडिलांचं नाव सांगितलं, शांतवन. म्हातारी उठलीच.

"तू त्याची पोर? आमच्याच घरान भाड्यान रवायचा तो. येवरी वर्सं कुठं व्हतीस गो? सर्वपित्रीला आमच्या पितरांसंगं तुज्या बापाचा घास कावल्याला घालतूं. सासऱ्यान सांगून ठेवलंय. दर वर्साला म्हनतूं, याचं कोन हाय का नाय?"

शेत बिल्डरला विकलंय. कबरीचा तुकडा तेवढा दिला नाही. पत्र्याच्या कुंपणात चुना लावलेला चौथरा आणि कडेला झेंडू. मावशी चौथऱ्यावर हात ठेवून मोठ्याने रडल्या. मीही रडले, लपवण्यात काय अर्थ?

नाशिकला पोचेपर्यंत अंग मोडून निघालं. टोल आणि पेट्रोल धरून अडीच हजारांना फोडणी बसली. दारात मावशी थांबल्या.

"टीचर, त्या शब्दाचा अर्थ काय म्हणालात?"

"ज्या जमिनीची काळजी घेणारं कोणी नाही ती."

"मग त्या पाळकांनी चुकीचं लिहिलं," त्या म्हणाल्या, आणि कुलूप उघडून आत गेल्या.