बोटीच्या नाकावर आर्डिस

वर्लिन हौग एकोणीस वर्षं बोट चालवत होता आणि एकोणीस वर्षं त्याच्या बोटीचं नाक आभाळाकडे होतं. सोळा फुटी ॲल्युमिनियमची बोट, मागे पन्नास घोड्यांचं इंजिन. वेग दिला की ती मागे बसायची, पुढून उठायची आणि तशीच वरखाली आपटत कॉफीपॉट तळ्यावरून निघायची. तळ्याकाठची माणसं सभ्य. आमच्या या उत्तर मिनेसोटात दुसऱ्याच्या बोटीला नावं ठेवणं हे दुसऱ्याच्या बायकोला नावं ठेवण्यासारखं धरतात. फारच हसू आलं तर कॉफीच्या कपात तोंड घालून हसतात. त्यामुळे वर्लिनला कोणी काही बोललं नाही.

या दुखण्यावर वर्लिनने शोधलेला उपाय म्हणजे त्याची बायको आर्डिस. तिला अगदी पुढच्या बाकावर बसवलं की नाक थोडं खाली येई. लग्नात पाद्रीबाबांनी सुखदुःखात साथ द्यायला सांगितली होती, वजन द्यायचं बोलणं झालं नव्हतं. पण बोटीची गरज आहे म्हटल्यावर आर्डिस बसली. तळ्याचं निम्मं पाणी तिच्या तोंडावर यायचं. जुलैच्या लख्ख उन्हातही ती पिवळा रेनकोट घालून, दोन्ही हातांनी बाक धरून बसलेली दिसे. पलीकडच्या काठावरचे लोक तिच्यावरून हौगांची बोट ओळखायचे.

वर्लिन बोलण्यात फार काटकसरी माणूस. शाळेच्या बॉयलरवर त्याने एकतीस वर्षं नोकरी केली, आणि बॉयलरला बोललेलं लागत नाही. 'वाईट नाही' ही त्याच्याकडची सर्वात मोठी शाबासकी. मुलगी झाली तेव्हा तो तिच्याकडे बराच वेळ बघून 'वाईट नाही' म्हणाला, आणि नर्सने ते मनाला लावून घेतलं. आर्डिसच्या हॉटडिशला, म्हणजे भट्टीत भाजलेल्या मांस-बटाट्याच्या पदार्थाला, तो 'खाता येतं' म्हणायचा आणि तिसऱ्यांदा वाढून घ्यायचा. रविवारी चर्चच्या तळघरात कॉफीला बसल्यावर कोणी विचारलं, वॉलआय मासे कुठे लागले रे, तर तो म्हणायचा, तळ्यात. विचारणाऱ्यालाही याहून जास्त अपेक्षा नसे. मासे कुठे लागतात हे इथे माणूस मृत्युपत्रातही लिहीत नाही.

मागच्या वर्षी त्याने मासे शोधायचं यंत्र घेतलं. तळ्यावर सगळ्यांकडे होतं, मग वर्लिनकडे नको? जेवणाच्या ताटाएवढा पडदा. बोटीच्या मागे पाण्यात एक काळा डोळा बसवलेला, तो तळ बघतो आणि पडद्यावर चित्र काढतो. पहिल्याच दिवशी पडद्यावर त्रेचाळीस मासे दिसले. हाती एकही लागला नाही. पण पुरुषांचा या यंत्रावर असा काही विश्वास, की तळ्यावर सकाळी दहा बोटी असल्या तर दहा टोप्या खाली झुकलेल्या दिसायच्या. डोक्यावरून गरुड येऊन, शेजारच्या पाण्यातून मासा उचलून जायचा, आणि ही मंडळी त्याच माशाला पडद्यात शोधत बसायची.

आर्डिसला पुढच्या बाकावरून पडदा दिसत नसे. ती आपली गळाला जळू लावायची, दोरी तळाला टेकवायची, जराशी वर घ्यायची आणि वॉलआय ओढून काढायची.

"हा होता का रे तुझ्या पडद्यावर?" ती विचारायची.

"हा कडेला होता," वर्लिन म्हणायचा. कडेला बरेच असायचे.

या जून महिन्यात आर्डिसचा गुडघा बदलला. डॉक्टरने बजावलं, चाला, फिरा, पण आपटणाऱ्या बोटीत वर्षभर बसायचं नाही. वर्लिनने ऐकून मान हलवली. दुसऱ्या दिवशी एकटाच गेला. आर्डिसने स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. बोट नाक वर करून, धडाधड आपटत निघाली होती. चाळीस मिनिटांत तो परत आला. पडद्यावर नुसत्या रेघोट्या येतात म्हणाला, आणि बोटीवर ताडपत्री घातली.

आर्डिसने सुचवलं, तळघरात पाणी मऊ करायच्या यंत्रासाठी आणलेली मिठाची पोती आहेत, दोन पुढे ठेव. पोती सरकतात, वर्लिन म्हणाला. बांध मग. ओली होतात. बरं, शेजारच्या मर्लला ने. त्यावर त्याने थोडा विचार केला. मर्ल फार बोलतो, म्हणाला. मर्ल दिवसाकाठी दहा वाक्यं बोलत असेल.

ताडपत्री पुन्हा निघाली नाही. निवृत्त पुरुष दिवसभर घरात असणं म्हणजे काय, ते ज्या बाईने भोगलं तिलाच ठाऊक. वर्लिनने खिडक्या धुतल्या. मग वाळल्यावर पुन्हा धुतल्या. आर्डिसचे मसाल्याचे डबे त्याने अक्षरांच्या क्रमाने लावले. मीठ आणि मिरपूड धरून चारच डबे होते, तरी त्यात त्याची एक सकाळ गेली. उरलेला वेळ तो तळ्याकडे तोंड करून बसायचा. आर्डिसला ते बघवेना. या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट आवडते, आणि ती आपल्या गुडघ्यापायी सुटली, हे तिच्या मनाने घेतलं. रात्रंदिवस तेच डोक्यात. तो ओरडला असता, कुरकुरला असता, तरी तिला बरं वाटलं असतं.

ऑगस्टमध्ये तिने कोणाला न सांगता ड्वेनला फोन केला. बोट आणि इंजिन वर्लिनने त्याच्याकडूनच घेतलं होतं. चाळिशीतला, हाताला कायम ग्रीस असलेला माणूस. वर्लिन केस कापायला गावात गेला असताना तो आला. आर्डिस काठी घेऊन धक्क्यावरच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, माझ्याशिवाय चालेल अशी कर ही बोट.

ड्वेनने ताडपत्री काढली, इंजिन सुरू केलं, वेग दिला. नाक नेहमीसारखं वर गेलं. मग त्याने काय केलं ते तिला दिसलं नाही, पण नाक खाली आलं आणि बोट पाण्यावर ताट ठेवावं तशी सपाट धावायला लागली. पाणी उडेना, आपटणं नाही. तळ्याला एक फेरी मारून तो परत आला.

"बिघाड काहीच नाही," तो म्हणाला. "इंजिनाचा कल पार बाहेर काढून ठेवलाय. वेगाच्या दांड्यावर अंगठ्याखाली बटण असतं. इंजिन आत ओढलं की नाक बसतं, मग बोट सपाट होईपर्यंत थोडं थोडं बाहेर सोडायचं. बोट वाकडी चालली की त्या डोळ्याखाली फेस येतो, म्हणून पडद्यावर रेघोट्या. आणि ती माशांची चित्रं बंद केलीत मी. बुडबुडा दिसला तरी मासा काढत होतं ते."

"एवढंच?" आर्डिस म्हणाली. "एक बटण? आणि एकोणीस वर्षांत हे त्या शहाण्याला कोणी सांगितलं नाही?"

ड्वेनने हात पुसले. पुसून झाल्यावर पुन्हा पुसले.

"मला वाटलं तुम्हाला माहीत असेल," तो म्हणाला. "बोट घेतली त्या दिवशीच मी दाखवलं होतं. तासभर चालवली त्यांनी, माझ्यापेक्षा सपाट. दर वर्षी इंजिन तपासायला आणतात ना, तेव्हाही माझ्या धक्क्यावर एकटेच येतात पाण्यातून. सपाट येतात."

त्याने पैसे घेतले नाहीत. फार घाईत गेला.

आर्डिस धक्क्यावर बसून राहिली. तिला संताप आला, चांगला कानशिलं तापवणारा. एकोणीस उन्हाळे. भाचीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी सेट केलेले केस. जून महिन्यातलं बर्फासारखं पाणी. मानेचं दुखणं, कंबरेचं दुखणं, कदाचित हा गुडघासुद्धा. पोत्यासारखी वापरली मला, ती मोठ्यांदा म्हणाली. मग तिला आठवलं, पोती तर तो घ्यायला तयार नव्हता.

वर्लिन परतला तेव्हा घरात कॉफी केलेली नव्हती. हौगांच्या घरात याहून मोठं भांडण आजवर झालेलं नाही. त्याने रिकामं भांडं पाहिलं आणि टोपी न काढता खुर्चीत बसला.

"ड्वेन आला होता," आर्डिस म्हणाली.

"हं."

"बोट सपाट चालते."

वर्लिनने टोपी काढली, आत बघितलं, पुन्हा घातली.

"चालते," तो म्हणाला.

"तुला माहीत होतं."

"होतं."

"मग मला का बसवलंस तिथे? उत्तर दे, वर्लिन. 'हं' म्हणू नकोस."

वर्लिनने खिडकीकडे पाहिलं. आर्डिसला वाटलं, हा आता उठून खिडक्या धुवायला जाणार. पण तो बोलला, आणि एकतीस वर्षं बॉयलरवर काढलेल्या माणसाच्या मानाने फार बोलला.

"तुला घरात काम असायचं कायम. नुसतं चल म्हटलं तर तू आली नसतीस. बोटीला गरज आहे म्हटलं की यायचीस."

आर्डिसचा राग कुठे ठेवावा ते तिला कळेना. टाकवत नव्हता, आणि धरवतही नव्हता. एकटा जाऊन चाळीस मिनिटांत परत आलेला हा माणूस कशासाठी परत आला ते तिला आत्ता कळलं. डोळे भरून आले, त्याचाही तिला राग आला.

"विचारायचं होतंस की मला, मूर्खा," ती म्हणाली. "साधं विचारायचं."

"विचारलं होतं एकदा," वर्लिन म्हणाला. "बोट घेतली त्याच रविवारी. तू म्हणालीस, टोमॅटो बाटल्यांत भरायचेत."

आर्डिसने खूप आठवून पाहिलं. तो रविवार काही तिला आठवेना. टोमॅटो मात्र आठवले. त्या वर्षी फार आले होते.